कोणत्या त्वचेला कोणती माती : मुलतानी, केओलिन, बेंटोनाइट आणि नागपूरची हवा

कन्हार (धागाकर्ती)

गेल्या मे महिन्यात माझी भाची सुट्टीसाठी पुण्याहून नागपूरला आली आणि आठवडाभरातच तिच्या दोन्ही गालांवर पांढरट खवले सुटले, नाकपुड्यांच्या कडा लाल होऊन चरचरू लागल्या. तिने नवे काहीच केले नव्हते. वर्षभर लावत होती तीच मुलतानी माती, त्याच गुलाबपाण्यात कालवून तिने इथेही लावली होती आणि नेहमीप्रमाणे पंख्याखाली बसून ती पूर्ण तडकेपर्यंत वाळू दिली होती. माती तीच होती, चेहराही तोच होता. हवा मात्र बदलली होती.

मी मृदाशास्त्र शिकले आहे आणि बरीच वर्षे मातीचे नमुने तपासण्याचे काम केले आहे. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचे मुख्यालय ज्या शहरात आहे, त्याच शहरात चेहऱ्याच्या मातीविषयीचे सल्ले केवळ रंगावरून दिले जावेत याची मला खंत वाटते. हिरवी माती तेलकट त्वचेला, गुलाबी नाजूक त्वचेला, पांढरी कोरड्या त्वचेला, असे कोष्टक सगळीकडे फिरते. मातीचा रंग मुख्यतः तिच्यातील लोहावर ठरतो: लोहाचे ऑक्साइड असेल तर तांबूस, लोह वेगळ्या रासायनिक अवस्थेत असेल तर हिरवट, आणि लोह फारच कमी असेल तर पांढरी. बाजारातली गुलाबी माती तर पुष्कळदा पांढरी आणि तांबडी यांचे मिश्रण असते. ती तुमच्या त्वचेवरचे तेल आणि पाणी किती ओढेल हे रंग सांगत नाही. ते तिच्या कणांच्या रचनेवर अवलंबून असते.

ही रचना समजायला आपली काळी जमीन पुरेशी आहे. उन्हाळ्यात कन्हारात, म्हणजे भारी काळ्या मातीत, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळा लागला की त्याच भेगा मिटून जातात, हे शेताशी थोडा जरी संबंध असलेल्या प्रत्येकाने पाहिलेले असते. बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेल्या या मातीत स्मेक्टाइट गटातील खनिजे भरपूर असतात. त्यांचे अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात आणि त्या थरांमधला बंध सैल असल्यामुळे पाणी आत शिरते, थर दूर जातात, माती फुगते; पाणी निघून गेले की ती आक्रसते. बेंटोनाइट ही याच कुळातली माती आहे. तिच्यातील मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट असून त्याच्या एका ग्रॅमचे आतबाहेरचे एकूण पृष्ठफळ ७०० ते ८०० चौरस मीटरपर्यंत भरते. केओलिनमध्ये, म्हणजे आपण जिला चिनी माती म्हणतो तिच्यात, थर एकमेकांना घट्ट धरून असतात, पाणी मध्ये शिरत नाही, आणि ग्रॅममागे पृष्ठफळ साधारण १० ते २० चौरस मीटर एवढेच असते. फ्रेंच हिरवी माती म्हणून जी विकली जाते तिच्यात बहुधा इलाइट असते. त्याच्या थरांना पोटॅशियम बांधून ठेवते, म्हणून ती या दोघींच्या मध्ये बसते.

मुलतानी माती हे खनिजाचे नाव नाही, व्यापारातले नाव आहे, आणि हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नाव मुलतान शहरावरून आले, पण आपल्याकडे येणारी माती प्रामुख्याने राजस्थानातली, बाडमेर आणि बिकानेर भागातली असते. लोकरीतली चरबी काढण्यासाठी अशी माती शतकानुशतके वापरली गेली, यावरून तिची ताकद लक्षात यावी. तिच्यात कुठे माँटमोरिलोनाइट जास्त असते, तर कुठे सुईसारख्या कणांचे पॅलिगोर्स्काइट. त्यामुळे एका पुडीचा अनुभव दुसऱ्या पुडीला जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही.

आता त्वचेकडे येते. ज्यांचा चेहरा धुतल्यानंतर तासाभरात कपाळ, नाक आणि गाल सगळीकडे चमकू लागतो, त्यांना मुलतानी किंवा बेंटोनाइट आठवड्यातून एकदा चालते. ज्यांच्या फक्त कपाळावर आणि नाकावर तेल येते, त्यांनी तेवढ्याच भागावर मुलतानी आणि गालांवर केओलिन लावावे. एकाच चेहऱ्यावर एकच माती लावण्याचे बंधन कुणीही घातलेले नाही. धुतल्यावर ज्यांची त्वचा ताणल्यासारखी होते, त्यांनी केवळ केओलिन घ्यावे, तेही पंधरा दिवसांतून एकदा, आणि त्यात थोडा मध किंवा दुधाची साय मिसळावी. साय मिसळण्यामागे कारण आहे. मातीला स्निग्धांश आधीच मिळाला की ती त्वचेवरचा स्निग्धांश कमी ओढते. नाजूक, लगेच लाल होणाऱ्या त्वचेलाही केओलिनच, पण साध्या पाण्यात कालवून; तिथे मधसुद्धा नको.

या सगळ्यापेक्षा वेळ महत्त्वाची आहे. ओला लेप त्वचेवरचे तेल शोषत असतो. लेपातले पाणी उडून गेले की तीच माती त्वचेच्या वरच्या थरातले पाणी मागू लागते आणि आक्रसताना त्वचाही ओढते. कडा फिकट दिसू लागल्या आणि मधला भाग बोटाला ओलसर लागत असला, की धुवायची वेळ झाली असे समजावे. पुण्यात पावसाळ्यात ही अवस्था यायला पंधरा मिनिटे लागत असतील, तर मे महिन्याच्या नागपुरात, पारा ४५ अंशांवर आणि हवा कोरडीठाक असताना, पंख्याखाली ती सात-आठ मिनिटांतच येते. भाचीच्या गालांवरच्या खवल्यांचे कारण तिच्या पुडीत नव्हते, त्या जादा मिनिटांत होते.

गोकुळपेठ

कन्हारताई, कन्हाराच्या भेगांचे उदाहरण वाचून प्रथमच ही गोष्ट नीट समजली. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. कपाळावर आणि हनुवटीवर सतत मुरुमे असतात, त्वचा खूप तेलकट आहे. मित्रांचे ऐकून तो रोज रात्री बेंटोनाइट लावतो, त्यात लिंबू पिळतो आणि सकाळी पुन्हा तेल आले म्हणून निराश होतो. पावसाळ्यात तर त्याचा त्रास फारच वाढतो. रोज लावणे योग्य आहे का, आणि मुरुमे याने जातील का?

कन्हार

रोज लावणे थांबवावे, आणि लिंबू तर आजच थांबवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, सामू (पीएच) साधारण ४.५ ते ५.५ च्या आसपास. बेंटोनाइटचा लेप अल्कधर्मी असतो, त्याचा सामू ८.५ च्याही वर जाऊ शकतो. म्हणून लोकांना वाटते की लिंबाने तोल साधता येईल. पण लिंबाचा रस अतिशय तीव्र आम्ल आहे, प्रत्येक लिंबाची तीव्रता वेगळी असते, आणि त्यातले काही घटक त्वचेवर राहून त्यावर ऊन पडले तर भाजल्यासारखे चट्टे उठून काळे डाग राहू शकतात. ज्या मुलाला सकाळी सायकलने शिकवणीला जायचे आहे, त्याच्या चेहऱ्यासाठी हा धोका घेऊ नये. बेकिंग सोडा मिसळण्याचा सल्लाही कुणी दिला असेल तर तोही मानू नये. आधीच अल्कधर्मी असलेल्या लेपात आणखी अल्क घालण्याला काही अर्थ नाही.

तेल पुन्हा का येते, याचे उत्तर सरळ आहे. त्वचेतल्या तेलग्रंथी संप्रेरकांच्या सांगण्यावरून काम करतात आणि या वयात ती संप्रेरके वाढलेली असतात. माती वर आलेले तेल टिपते. ग्रंथी किती तेल तयार करतील यावर तिचा अधिकार चालत नाही. त्यामुळे काही तासांनी चेहरा पुन्हा चमकणार, आणि ते मातीचे किंवा मुलाचे अपयश नाही. आठवड्यातून एकदा, जास्तीत जास्त दोनदा, फक्त तेलकट भागावर, आणि काढताना पुरेसे पाणी लावून माती मऊ करून मगच धुवावी. वाळलेली माती घासून काढल्याने मुरुमे फुटतात.

बकुळ

मी एका शासकीय रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात काम करते, म्हणून या प्रतिसादात थोडी भर घालते. मुरुमे खोल, गाठीसारखी, दुखणारी असतील किंवा जागी खड्डे पडू लागले असतील, तर मातीच्या प्रयोगांत महिने घालवू नयेत, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत दाह झाला की त्या जागी काळा डाग उरतो आणि तो जायला कित्येक महिने लागतात. मुरुमामुळे डाग पडतो, तसाच मुरुमावर केलेल्या अतिरेकी उपचारामुळेही पडतो. उपचार सुरू असतील, म्हणजे अ‍ॅडापेलिनसारखे रेटिनॉइड, बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा पोटातून आयसोट्रेटिनोइन घेणे चालू असेल, तर त्वचा आधीच कोरडी आणि हळवी झालेली असते. त्या काळात मातीचा लेप बंद ठेवावा, निदान डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

रानजाई

मला एक शंका आहे आणि ती आदरानेच मांडते. माझ्या आजीने आयुष्यभर चेहऱ्याला आणि केसांना मुलतानी मातीच लावली. नागपूरचे कितीतरी उन्हाळे तिने पाहिले. तिची त्वचा शेवटपर्यंत मऊ होती. मग आम्हालाच का त्रास होतो?

कन्हार

रानजाई, तुमची शंका अगदी रास्त आहे. उत्तर देण्यापूर्वी मीच तुम्हाला विचारते: आजी ती कशी लावत असत, हे आठवते का? माती रात्री भिजत घालत असत की आयत्या वेळी कालवत? लावून कुठे बसत?

रानजाई

आठवते. मातीचे खडे रात्री पितळी वाटीत भिजत घालायची. सकाळी न्हाणीघरातच पाटावर बसून लावायची आणि लगेच एकेक तांब्या पाणी घेत धुवायची. वाळू दिलेली मी कधीच पाहिली नाही. नंतर ओल्या अंगालाच तिळाचे तेल चोळायची.

कन्हार

तुमच्या आजींनी एका ओळीत माझा सगळा लेख सांगितला. रात्रभर भिजल्यामुळे खडे पूर्ण फुटून मऊ होत, कण पाण्याने तृप्त होत आणि त्वचेकडे पाणी मागत नसत. न्हाणीघरातली हवा दमट असे. माती चेहऱ्यावर जेमतेम काही मिनिटे, तीही ओलीच राही. आणि लगेच तेल लावल्यामुळे गेलेला स्निग्धांश भरून निघे. पंख्याखाली किंवा एसीत बसून लेप वाळवण्याची पद्धत त्यांच्या घरात नव्हती. आपण माती त्यांच्याकडून घेतली, पद्धत मात्र घेतली नाही. तेल लावण्याबाबत एवढेच सांगेन की मुरुमे असलेल्या चेहऱ्याने तिळाऐवजी हलके, तेलविरहित मॉइश्चरायझर घ्यावे.

अंबिया

आमच्या काटोलकडच्या घरी संत्र्याची साल वाळवून तिची पूड मुलतानीत मिसळतात. अंबिया बहाराची संत्री आली की साली गच्चीवर वाळत घातलेल्या असतात, त्यामुळे दरवर्षी पूड भरपूर उरते. नागपूरच्या प्रत्येक घरात हा प्रकार होत असेल. तो बरा की वाईट, हे कृपया सांगावे.

कन्हार

संत्र्यावर माझेही प्रेम आहे, म्हणून उत्तर जपून देते. तेलकट आणि जाड त्वचेच्या अनेकांना ही पूड सोसते. पण तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, फवारणीचे अंश सालीवरच राहतात. बाग स्वतःची असेल तर केव्हा काय फवारले हे तुम्हाला ठाऊक असते, बाजारातल्या फळाबाबत ते ठाऊक नसते. दुसरी, मिक्सरमध्ये केलेल्या पुडीचे कण मातीच्या कणांच्या मानाने प्रचंड मोठे आणि टोकदार असतात. चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनहून लहान असतो. साल कितीही बारीक केली तरी तिथपर्यंत पोहोचत नाही. अशी पूड वस्त्रगाळ करूनच घ्यावी आणि चेहऱ्यावर चोळू नये. तिसरी, सालीतले सुगंधी तेल हवेत राहून जुने झाले की त्यातील लिमोनीन बदलते आणि काहींना त्याची ॲलर्जी होते. म्हणून गेल्या वर्षीची पूड वापरू नये. नाजूक त्वचेने तर या पुडीच्या वाटेला जाऊच नये.

निळी शाई

माझा अनुभव या धाग्यातल्या सल्ल्याच्या उलट आहे, म्हणून लिहिते आहे. मी साधे पांढरे केओलिन, साध्या पाण्यात, अगदी पाच मिनिटे लावले, तरी चेहरा आगीसारखा जळजळला आणि संध्याकाळपर्यंत लाल राहिला. उन्हात गेले तरी असेच होते. त्याआधी वर्षभर एका पार्लरमधून मिळालेली, नाव नसलेल्या डबीतली गोरेपणाची क्रीम मी लावत होते आणि ती बंद केल्यापासून चेहऱ्यावर बारीक पुरळ येते आहे. माझ्या त्वचेला कोणती माती योग्य ठरेल?

बकुळ

ताई, सध्या कोणतीच नाही. तुम्ही लिहिलेली लक्षणे, म्हणजे जळजळ, उन्हाने लाल होणे आणि क्रीम थांबवताच पुरळ येणे, स्टेरॉइड असलेल्या क्रीमच्या दीर्घ वापरानंतर आम्हाला वारंवार दिसतात. बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांसारखी औषधे डॉक्टरांनी ठरावीक आजारासाठी, ठरावीक दिवस द्यायची असतात; चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावली की त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि साधे पाणीसुद्धा झोंबते. निदान मात्र चेहरा पाहूनच करता येते, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि ती डबी सोबत न्या. पुरळ दिसले म्हणून तीच क्रीम पुन्हा सुरू करू नका. याच चक्रात अनेक जणी वर्षानुवर्षे अडकून राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. यात तुमची चूक नाही, हेही सांगू इच्छिते.

कन्हार

बकुळताईंचे म्हणणे मी वर लिहिलेल्या सगळ्याच्या आधी वाचले जावे असे मला वाटते. आणि गोरेपणाचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट लिहिते: कोणतीही माती त्वचेचा रंग उजळवत नाही. धुतल्यावर चेहरा उजळ वाटतो तो तेल आणि मळ निघाल्यामुळे. माती शरीरातली विषे ओढून घेते, हेही खरे नाही. तिचे काम त्वचेच्या पृष्ठभागावर चालते. रक्त शुद्ध ठेवायला यकृत आणि मूत्रपिंडे आहेत.

चितार ओळ

आमच्याकडे गणपतीनंतर शाडू उरतो. तोही स्वच्छ आणि मऊ असतो. चेहऱ्याला लावला तर चालेल का? शिवाय इतवारीतल्या काष्ठौषधींच्या दुकानात सुटी मिळणारी मुलतानी आणि डबीतली महाग मुलतानी यांत खरोखर फरक असतो का?

कन्हार

शाडू मूर्तीसाठीच ठेवावा. तो हाताला मऊ लागतो हे खरे, पण तो त्वचेसाठी तपासलेला नसतो आणि कारखान्यात, गोदामात, अंगणात ज्या जमिनीशी त्याचा संबंध आला असेल तिथले जंतू त्यात असू शकतात. मातीत धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असतात आणि ते वर्षानुवर्षे टिकून राहतात. याच कारणाने, माती कोणतीही असो, फुटलेल्या मुरुमावर, खरचटलेल्या जागी किंवा दाढी करताना कापलेल्या ठिकाणी लावू नये. पुरुष वाचकांनी दाढीच्या दिवशी लेप टाळलेलाच बरा.

सुटी आणि डबीतली यांबद्दल. सौंदर्यप्रसाधने नियम २०२० प्रमाणे डबीवर उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि कधीपर्यंत वापरावे ती मुदत छापलेली असावी लागते. म्हणजे काही बिघडले तर जाब कोणाला विचारायचा, हे तरी कळते. सुट्या मातीत ती सोय नसते. याचे महत्त्व अशासाठी की माती जमिनीतून येते आणि शिसे, आर्सेनिक यांसारखे धातू तिच्यात नैसर्गिकपणेच असू शकतात. २०१६ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बेंटोनाइटच्या काही उत्पादनांत शिशाचे प्रमाण जास्त आढळल्यामुळे लोकांना ती न वापरण्याचा इशारा दिला होता. शिसे डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही, आणि घरी ते तपासता येत नाही. गर्भवती स्त्रियांनी आणि लहान मुलांच्या आयांनी सुटी माती घेऊच नये असे मी म्हणेन. मुलतानीचा खडा तोंडात टाकण्याची काहींना असलेली सवयही त्यासाठीच सोडायला हवी.

घरी दोनच गोष्टी पाहता येतात. चमचाभर माती पेलाभर पाण्यात अलगद सोडून रात्रभर ठेवावी. खूप फुगून जेलीसारखी झाली तर ती बेंटोनाइटच्या जातीची, तळाशी घट्ट बसून वर पाणी निवळले तर केओलिनच्या जवळची. पांढरे केओलिन म्हणून आणलेली पूड फुगली, तर ती कोरड्या त्वचेने लावू नये. दुसरे, चिमूटभर पुडीवर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. जोरात फसफसली तर तिच्यात कॅल्शियम कार्बोनेट आहे. ते खडूच्या भेसळीमुळे असू शकते, तसेच काही खाणींच्या मातीत ते मुळातच असते. म्हणून फेस आला एवढ्यावरून दुकानदारावर आरोप करू नये.

आणखी एक. पूड कालवताना ती उडू देऊ नका. तिच्यात गारगोटीचे अतिसूक्ष्म कण असू शकतात आणि ते फुप्फुसात जाणे चांगले नाही. वाटीत आधी पाणी घ्यावे, त्यावर माती हलकेच पसरावी आणि भिजू द्यावी.

गोकुळपेठ

महिन्याभराने परत लिहिते आहे. मुलाने लिंबू सोडले, लेप रविवारी एकदाच लावू लागला, तोही कपाळ आणि हनुवटीपुरता. लालसरपणा बराच कमी झाला आहे. दोन मोठी मुरुमे गाठीसारखी होती, म्हणून बकुळताईंच्या सल्ल्याप्रमाणे डॉक्टरांना दाखवले; त्यांनी औषध दिले आहे आणि तीन महिने माती बंद ठेवायला सांगितली आहे. कालवून उरलेला लेप मी फ्रिजमध्ये ठेवला होता, तो टाकून द्यावा का?

कन्हार

टाकून द्यावा. ओल्या लेपात टिकवण्याचे काहीच घातलेले नसते, आणि दूध-मध मिसळलेला असेल तर तो एका दिवसातही बिघडू शकतो. कोरडी पूड घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, ओला चमचा न घालता ठेवावी. डॉक्टरांनी परवानगी दिली की तीच वापरता येईल. तोवर हिवाळा लागलेला असेल आणि हवा पुन्हा कोरडी झालेली असेल, तेव्हा पहिला लेप पाच मिनिटांच्या वर ठेवू नये, आणि त्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी.